आईला विचारून ये

पासबुक छापायचं मशिन आमच्या शाखेत दिवसभर करकरत असतं. इतक्या वर्षांत त्या आवाजाकडे माझं लक्ष जात नाही. लक्ष जातं ते आवाज वेळेवर थांबला नाही तर. एरवी आठ-दहा ओळी छापून मशिन गप्प होतं. त्या दिवशी पान भरलं, मी पुढचं लावलं, तेही भरलं, मग तिसरं, मग चौथं. काउंटरच्या पलीकडे एक वहिनी उभ्या होत्या, दोन म्हशींचं दूध संघाला घालणाऱ्या. दर दहा दिवसांनी संघाचं बिल खात्यात जमा होतं, त्याची एक ओळ. आणि तिच्याखाली नुसती गळती: ८०, ८०, १६०, ८०, ४००, ८०, ८००, ८०.

"मॅडम, ह्ये ऐंशी-ऐंशी कुनी न्हेलं वो?"

ओळीत नाव होतं ते पैसे गोळा करणाऱ्या कुठल्यातरी मधल्या कंपनीचं आणि पुढे आकड्यांची शेपटी. त्यावरून मलाही काही उमगेना. बाहेर पायरीवर त्यांचा आठवीतला मुलगा बसला होता, त्याला आत बोलावलं. त्यानं पासबुकाकडे एकदा पाहिलं आणि मग बराच वेळ पंख्याकडे. शेवटी पुटपुटला, "डायमंड टाकलं."

"कसलं डायमंड?" आईनं विचारलं. तो काही बोलला नाही. मोबाईलच्या गेममध्ये वस्तू घ्यायला रुपये भरून जे नाणं मिळतं, ते हे डायमंड. बेरीज मीच केली. पाच महिन्यांत ३८ हजारांच्या वर.

शाखेत तेव्हा सहा-सात माणसं असतील. प्रत्येकानं जागच्या जागी निकाल दिला. एक म्हणाला, दोन ठेवून द्या कानाखाली. दुसरा म्हणाला, फोन देताच कशाला हातात. पेन्शन काढायला आलेले गुरुजी म्हणाले, आईचं लक्ष नको का? खोटं कशाला सांगू, माझ्याही मनात पहिल्यांदा तेच आलं. वहिनींनी पदर तोंडाशी नेला. घेणाऱ्याचं नाव मात्र कुणाच्या तोंडी आलं नाही. पोरगा चोर ठरला, आई बेफिकीर ठरली, आणि ज्यानं पाच महिने तेरा वर्षांच्या पोराकडून पैसे मोजून घेतले तो दुकानदार कुणाला दिसलाच नाही.

दुकानदारच म्हणते मी, कारण तो दुकानदारच आहे. आमच्या गल्लीतल्या किराणा दुकानात एखादं पोर पाचशेची नोट घेऊन आलं आणि कॅडबऱ्या मागायला लागलं, तर शेठ नोट हातात घेऊन उलटीपालटी करतात आणि म्हणतात, "आईला विचारून ये." पेठेतल्या सराफाकडे पोरगं बांगडी घेऊन गेलं तर तो तिला हात लावत नाही. यात या लोकांचा फार मोठा सज्जनपणा आहे असं मी म्हणत नाही. त्यांना पक्कं ठाऊक असतं की संध्याकाळी बाप दुकानाच्या पायरीवर येऊन उभा राहील, पैसे परत करावे लागतील आणि वर चार लोकांत शोभा होईल. परत करावं लागेल या धास्तीतून तो प्रश्न येतो. गेमवाल्याला ती धास्ती नाही, म्हणून तो विचारत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की ही धास्ती त्याला घालून द्यायला हवी, आणि ते काम एकट्या आईच्या गळ्यात मारून चालणार नाही.

यावर एक उत्तर नेहमी तयार असतं. आपल्याकडे ओटीपी आहे, यूपीआयचा पिन आहे, मग पोरगं खर्च करूच कसं शकतं? खरं आहे, रिझर्व्ह बँकेनं ऑनलाइन कार्ड व्यवहारांना दुसरी पडताळणी २००९ पासून सक्तीची केली आणि त्या बाबतीत आपण बऱ्याच श्रीमंत देशांच्या पुढे होतो. पण ओटीपीनं सिद्ध काय होतं? फोन हातात आहे, एवढंच. कुणाच्या हातात आहे, ते त्याला कळत नाही. घरात मिळून एकच स्मार्टफोन असेल तर ओटीपी येतो तो पोर खेळत असतं त्याच पडद्यावर, वरून घरंगळत. कुलपाची किल्ली कुलपालाच टांगून ठेवल्यासारखं झालं हे.

पिनचं तर विचारूच नका. या वहिनींच्या घरी स्मार्टफोन आला तो २०२० च्या लॉकडाऊनमध्ये, शाळा फोनवर भरायला लागली म्हणून, शेळी विकून. यूपीआय कुणी चालू केलं? मुलानं. डेबिट कार्डाचे आकडे कुणी भरले? मुलानं. पिन काय ठेवायचा ते कुणी ठरवलं? तेही त्यानंच, स्वतःची जन्मतारीख. आई पेंडीचे पैसे द्यायला दुकानात गेली की फोन त्याच्याकडे द्यायची आणि तो पैसे पाठवायचा. आमच्या शाखेत फोनमधलं काही विचारलं की निम्म्या आया आणि जवळपास सगळे आजोबा "पोराला इचारा" म्हणतात. ज्याला आपण घराचा कॅशिअर करून टाकलं, त्यानंच गल्ल्यात हात घातला की आपल्याला धक्का बसतो. आणि हो, यात आम्हीही धुतल्या तांदळाचे नाही. "मोबाईल बँकिंग चालू करून घ्या" म्हणून काउंटरवरून मागे लागणारे आम्हीच होतो. महिन्याचं टार्गेट असायचं. चालू केल्यावर ते घरात कोण वापरणार, हे विचारायचा रकाना आमच्या फॉर्मवर नव्हता.

बँक म्हणून आम्ही त्यांना काय देऊ शकत होतो? काहीच नाही. अनधिकृत व्यवहारांत ग्राहकाची जबाबदारी किती, याचं रिझर्व्ह बँकेचं २०१७ चं परिपत्रक आहे. चूक त्रयस्थाची असेल आणि तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर ग्राहकाला तोशीस नाही. पण ग्राहकानं स्वतःच पिन कुणाला दिला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं. पिन बरोबर टाकला गेला होता, म्हणजे आमच्या संगणकाच्या लेखी प्रत्येक ऐंशी रुपये त्या बाईंनीच दिले होते. पोलिसांत जावं तर तिथं पहिला प्रश्न, आरोपी कोण? कुठली आई तिथं पोराचं नाव लिहून देईल?

आता जरा उलट बाजू बघा. हाच मुलगा माझ्या काउंटरवर स्वतःच्या नावाचं खातं काढायला आला असता तर मी त्याला किती नाचवलं असतं! जन्माचा दाखला आण, आधार आण, आईला घेऊन ये, तिची सही, तिचे कागद, आणि नावापुढे अ.पा.क., म्हणजे अज्ञान पालनकर्ता. दहा वर्षांवरच्या मुलांना स्वतः खातं चालवायची मुभा असली तरी किती रकमेपर्यंत, ते बँक ठरवते. स्वतःच्याच खात्यातले ५०० रुपये काढायला एवढे सोपस्कार, आणि आईच्या खात्यातले ३८ हजार उडवायला एक हिरवं बटण.

"अज्ञान" हा शब्द कायद्यानं काही अपमान म्हणून वापरलेला नाही. ती एक सवलत आहे, पोराच्या भल्यासाठी दिलेली. १८७२ च्या करार कायद्याच्या ११ व्या कलमानुसार अज्ञान व्यक्तीला, म्हणजे वयात न आलेल्याला, करार करताच येत नाही. यावरचा जो खटला कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो, तो मला अलीकडे फार आठवतो. १८९५ साली कलकत्त्यातल्या धर्मोदास घोष या तरुणानं ब्रह्मो दत्त नावाच्या सावकाराला २० हजारांचं गहाणखत करून दिलं. खत होण्याच्या पाच दिवस आधी त्याच्या आईनं वकिलाकरवी पत्र पाठवून बजावलं होतं की मुलगा अजून सज्ञान नाही, त्याला पैसे देणारा आपल्या जबाबदारीवर देईल. सावकाराच्या माणसानं काय केलं असेल? त्यानं पोराकडून लिहून घेतलं की मी सज्ञान आहे. आज गेम सुरू करताना "माझं वय १८ च्या वर आहे" म्हणून जी खूण करायची असते, तिचा हा सव्वाशे वर्षांपूर्वीचा अवतार. १९०३ मध्ये प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या लंडनमधल्या सर्वांत वरच्या कोर्टानं, निकाल दिला: अज्ञानाशी केलेला करार मुळातच पोकळ, आणि ज्याला सत्य ठाऊक होतं त्याला लेखी कबुलीच्या आड लपता येणार नाही. सावकाराचे पैसे बुडाले.

गेमवाले यावर म्हणतात, आमचा करार मुलाशी नाहीच, ज्याचं खातं आहे त्या मोठ्या माणसाशी आहे. कागदोपत्री हा युक्तिवाद चालतो. पण मग १९०३ चा दुसरा प्रश्न उरतो: समोर पोर आहे हे तुम्हाला ठाऊक होतं की नव्हतं?

ठाऊक असतं, याचे पुरावे अमेरिकेतल्या कोर्टाच्या दप्तरांत पडलेले आहेत. ॲमेझॉननं नोव्हेंबर २०११ मध्ये ॲपच्या आत खरेदी सुरू केली ती पासवर्डाशिवाय. काही आठवड्यांतच पालकांच्या इतक्या तक्रारी आल्या, की कंपनीच्याच एका व्यवस्थापकानं परिस्थिती घराला आग लागल्यासारखी आहे असं लिहिलं. लगेच काय केलं? काही नाही. मार्च २०१२ मध्ये पासवर्ड आणला, तोही २० डॉलरच्या वरच्या खरेदीला. तिथल्या फेडरल ट्रेड कमिशननं, म्हणजे ग्राहकांची बाजू बघणाऱ्या सरकारी यंत्रणेनं, २०१४ मध्ये खटला भरला, २०१६ मध्ये तो जिंकला आणि परतावे द्यायला कंपनी तयार झाली २०१७ मध्ये.

फेसबुकची कागदपत्रं याहून बोलकी आहेत. पालकांनी २०१२ मध्ये भरलेल्या दाव्यातली ही कागदपत्रं जानेवारी २०१९ मध्ये खुली झाली. पोरांनी आईबापांच्या कार्डावर केलेल्या खर्चाला कंपनीत नाव होतं "फ्रेंडली फ्रॉड", म्हणजे घरातल्या घरातली फसवणूक. ती अडवायच्या मागे का लागू नये, हे गेम बनवणाऱ्यांना समजावणारं टिपण कंपनीत फिरत होतं. एका ठिकाणी दोन कर्मचाऱ्यांचं बोलणं आहे. एका खात्यावर काही दिवसांत ६,५४५ डॉलर गेलेत, सगळे परत मागितलेत, आणि खातेदार वयानं लहान दिसतो असंही त्यातला एक जण म्हणतो. तरी पैसे परत करायचे नाहीत असं ठरतं. त्या संभाषणात या गिऱ्हाइकाला शब्द वापरलाय "व्हेल". हा जुगाराच्या अड्ड्यांवरचा शब्द आहे. मोठी रक्कम उडवणारं गिऱ्हाईक म्हणजे देवमासा. पोराला देवमासा म्हणणारी माणसं त्याचं वय ओळखत नव्हती, असं कुणी मला सांगू नये.

आणि हे जुनं झालं असंही नाही. फोर्टनाइट हा खेळ बनवणाऱ्या एपिक गेम्सवर अमेरिकेत डिसेंबर २०२२ मध्ये ५२ कोटी डॉलरचा भार पडला. त्यातले साडेसत्तावीस कोटी मुलांच्या खासगीपणाचा कायदा मोडल्याबद्दल, साडेचोवीस कोटी ग्राहकांना परत द्यायला. सरकारी यंत्रणेचं म्हणणं असं होतं की बटणांची रचनाच अशी, की खेळ लोड होत असताना किंवा एखादा पोशाख नुसता बघायला गेलं तरी खरेदी व्हायची. बँकेकडे तक्रार करून पैसे परत मागितले तर कंपनी त्या पोराचं खातंच बंद करायची, आधी विकत घेतलेल्या सगळ्या सामानासकट. म्हणजे बापानं हक्क बजावला की शिक्षा मुलाला. घरात मग काय होत असेल, सांगायला नको.

आता डायमंडकडे वळू, कारण खरी कारागिरी तिथं आहे. त्या मुलाला मी नंतर एकदा चहाच्या टपरीवर गाठून विचारलं, नेमकं घेतोस काय रे? तो आधी लाजला, मग खुलला. बंदुकीचा रंग, पाठीवरची पिशवी, एक टोपी, नाचायची एक ढब. हे काहीच नसलेल्याला खेळात पोरं नावं ठेवतात, संघात घेत नाहीत. "सगळ्यांकडं हाय, मॅडम." रुपयांत त्याची किंमत काय, असं विचारल्यावर तो अडखळला. त्याला डायमंड पाठ होते, रुपये नव्हते. मी टिश्यू पेपरवर मांडून दाखवलं. समजा वस्तू ३९९ डायमंडची, तर पॅक मिळतो ३१० चा आणि पुढचा ५२० चा. पहिला घेतला तर पुरत नाही, दुसरा घेतला तर उरतात, आणि उरलेले वाया जाऊ नयेत म्हणून आणखी एक टॉप-अप. गणितात तो पोर हुशार आहे. कागदाकडे बघत म्हणाला, "म्हंजी कदीच बरोबर बसत न्हाई की."

त्यातून मग स्पिन, म्हणजे डायमंड देऊन नशिबाचं चाक फिरवायचं. आमच्या लहानपणी शाळेसमोरच्या दुकानात पुठ्ठ्यावर चिठ्ठ्या चिकटवलेल्या असत, चार आण्याला एक फाडायची. नव्वद वेळा गोळी निघायची, एखाद्या वेळी फुगा, आणि मोठं बक्षीस, ती प्लॅस्टिकची बंदूक, शेवटपर्यंत वरच लटकत राहायची. लूट कशी होते ते आम्हाला तेव्हाच कळलं, असं म्हणता येईल. पण त्या पुठ्ठ्याला तळ होता. चिठ्ठ्या संपायच्या, चार आणे संपायचे, आणि मुख्य म्हणजे दुकानदार रात्री दुकान बंद करून घरी जायचा. फोनमधला पुठ्ठा संपत नाही, आणि "ऑफर ०२ तास ११ मिनिटांत संपणार" असं दर रात्री नव्यानं सांगतो. जपाननं या प्रकारातला सर्वांत चलाख नमुना, तुकडे जमवून संच पुरा करायचा जुगार, २०१२ मध्येच बंद करायला लावला. बेल्जियमनं २०१८ मध्ये गेममधल्या, पैसे देऊन नशिबावर उघडायच्या पेट्यांना सरळ जुगार म्हटलं.

आपल्याकडे ऑगस्ट २०२५ मध्ये ऑनलाइन गेमिंगचा कायदा आला आणि बऱ्याच लोकांना वाटलं, चला, प्रश्न मिटला. मिटला नाही. तो कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांवर आहे. रमी, फँटसी क्रिकेट वगैरे. डायमंडचे परत रुपये होत नाहीत, त्यामुळे या मुलाचा खेळ त्या व्याख्येत सहजी बसणार नाही. विचित्रच आहे: जिथं पैसे परत यायची निदान खोटी का होईना आशा होती, ते बंद झालं, जिथं पैसे जातात आणि येत नाहीतच, ते चालू. नोव्हेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक प्राधिकरणानं ऑनलाइन फसव्या रचनांचे १३ प्रकार ठरवून त्यांना मनाई केली, त्यात खोटी घाई आहे, सतत पाठी लागणं आहे. उत्तम काम झालं. पण त्या तेरांत गिऱ्हाईक पोर असेल तर काय, यासाठी वेगळी ओळ नाही. आणि ज्या कायद्याचं मला सर्वांत नवल वाटतं तो २०२३ चा वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा. त्यात १८ वर्षांखालच्या मुलाची माहिती वापरायला पालकांची पडताळून घेतलेली संमती लागते. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले, ही तरतूद लागू व्हायला तिथून १८ महिन्यांची मुदत आहे. म्हणजे पोराची जन्मतारीख टिपून घ्यायला उद्या आईला विचारावं लागेल. आईचे पैसे घ्यायला मात्र विचारायची गरज नाही!

कंपन्या स्वतःहून मर्यादा घालतात, नाही असं नाही. बीजीएमआय हा पबजीचा भारतीय अवतार २०२१ मध्ये आला तेव्हा १८ वर्षांखालच्यांना दिवसाला तीन तास आणि ७,००० रुपयांपर्यंत खर्च, अशी हद्द जाहीर झाली होती. दिवसाला सात हजार. वहिनींचं संघाचं दहा दिवसांचं बिल त्याहून कमी असतं.

चीननं २०१९ मध्ये आठ ते सोळा वर्षांच्या मुलांना महिन्याला २०० युआन अशी सरकारी मर्यादा घातली, आणि २०२१ मध्ये तर आठवड्याला तीनच तास खेळायचं, तेही शुक्रवार, शनिवार, रविवार रात्री आठ ते नऊ. ते वाचून काही पालक खूश होतात. मी होत नाही. माझ्या भाच्यानं किती वाजता खेळावं हे दिल्लीनं किंवा मुंबईनं ठरवावं, असं मला वाटत नाही. आणि चेहरा दाखवून वय सिद्ध करायची सक्ती झाली की त्या चेहऱ्यांचं पुढे काय होतं, याची मला जास्त भीती वाटते. मला खेळ अडवायचा नाहीये. विक्री अडवायची आहे, तीही चुकीच्या गिऱ्हाइकाला झालेली.

मग पालकांनी काहीच करायचं नाही का? करायचंच. पिन बदला, दुधाच्या बिलाचं खातं वेगळं आणि यूपीआयचं वेगळं ठेवा, यूपीआयच्या खात्यात हजाराच्या वर पैसे ठेवू नका. हे मी रोज काउंटरवर सांगते. शिक्षण मंत्रालयानंही डिसेंबर २०२१ मध्ये पालक-शिक्षकांसाठी सूचना काढल्या: संमतीशिवाय खरेदी करू देऊ नका, कार्ड जोडून ठेवू नका, खर्चाला वरची मर्यादा घाला. सूचना चांगल्या आहेत. फक्त त्यातली सगळी क्रियापदं पालकांसाठी आहेत. विकणाऱ्यानं काय करायचं, याची ओळ त्यात मला सापडली नाही. आणि ज्या आईला बँकेचा इंग्रजी एसएमएस वाचता येत नाही, जो मुलगा वाचून दाखवतो आणि मग पुसून टाकतो, तिनं सेटिंगमध्ये जाऊन नेमकं कुठं बोट ठेवायचं?

बँकेत बसून मला जे दिसतं ते असं. प्रत्येक विक्रेत्याला पेमेंटच्या जाळ्यात चार आकडी वर्ग असतो. किराणा वेगळा, औषधं वेगळी, आणि गेममधल्या डिजिटल वस्तूंचा ५८१६. म्हणजे पैसा कुठं चाललाय हे यंत्राला आधीपासून कळतं, फक्त ते आमच्या पासबुकात छापलं जात नाही. रिझर्व्ह बँकेनं २०२० मध्ये डेबिट-क्रेडिट कार्डांना ऑनलाइन वापर चालू-बंद करायची सोय सक्तीनं द्यायला लावली. परदेशी व्यवहाराचं बटण तर आपण बहुतेकांनी बंदच ठेवलंय. तसंच एक बटण गेमचं असायला काय हरकत आहे? मुळात बंद. ज्याला हवं त्यानं शाखेत येऊन किंवा ॲपवर चालू करावं, महिन्याची रक्कम ठरवून. आणि पासबुकाच्या ओळीत देवनागरीत "गेम" एवढी दोन अक्षरं. ती असती तर पासबुक भरून घेतल्याबरोबर वहिनींना कळलं असतं. त्या दर बिलाला पासबुक भरून घेत नव्हत्या ही त्यांची चूक, पण भरून घेतलं त्या दिवशी कुणीतरी वाचून दाखवलंच असतं.

बटणाहून मोठी गोष्ट परताव्याची. मुलानं केलेली खरेदी तीन महिन्यांच्या आत पालकानं नाकारली, तर पैसे परत, वाद नको. गेममधली टोपी काढून घ्या, बंदुकीचा रंग उतरवा. ती परत घेताना कंपनीचं काय झिजतं? मोठी माणसं याचा गैरफायदा घेतील, "पोरानं केलं" म्हणतील, हा आक्षेप येणार. घेतील काही. मग एका खात्याला दोनदाच परतावा द्या, तिसऱ्यांदा त्या खात्याची खरेदीच बंद करा. कर्जाचं सोंग आणणारे आमच्याकडेही येतात, म्हणून आम्ही कर्ज द्यायचं थांबवत नाही, कागद तपासतो. एकदा पैसे परत द्यावे लागणार हे दिसलं, की वय कसं ओळखायचं, आईला कसं विचारायचं, याच्या युक्त्या याच कंपन्या आठवडाभरात शोधून काढतील. पोराला मध्यरात्री कुठली ऑफर दाखवली की तो बोट दाबतो हे ज्यांना कळतं, त्यांना तो पोर आहे हेही कळेल.

ऑगस्ट २०२१ मध्ये जोगेश्वरीतला एक सोळा वर्षांचा मुलगा आईच्या खात्यातले दहा लाख पबजीवर गेल्यावर, घरचे रागावले म्हणून चिठ्ठी लिहून घर सोडून गेला होता. पोलिसांना तो अंधेरीत, महाकाली गुंफांच्या बाजूला सापडला आणि घरी परतला. त्या बातमीखाली तेव्हा जे लोक बोलत होते ते आमच्या शाखेतल्या त्या सहा-सात जणांसारखंच बोलत होते. दहा लाख घेणाऱ्याकडे कुणी बघितलं नाही. अशा वेळी घरातल्या घरात आपण एकमेकांच्या अंगावर जातो, आणि यात घेणाऱ्याची सोयच होते.

वहिनींसाठी आम्ही गेमच्या कंपनीला इंग्रजीत मेल लिहिला, मुलाचा शाळेचा दाखला जोडून. मुलगाच शेजारी बसून टाइप करत होता, माझ्यापेक्षा त्याचा हात जलद. उत्तर नवव्या दिवशी आलं. खरेदी खातेदाराच्या पिननं झालेली असल्यानं विनंती मान्य करता येत नाही, आपल्या समजूतदारपणाबद्दल आभार. मी ते वहिनींना मराठीत सांगितलं. त्या थोडा वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "म्हंजी त्येंच्या हिशेबात माजं पोर मोठं झालं व्हय?"

मग १९१५ वर, ग्राहक हेल्पलाइनला फोन लावून तक्रार नोंदवली. तक्रारीचा नंबर लांबलचक होता. त्या एकेक आकडा मोठ्यानं म्हणत गेल्या आणि मुलानं तो पासबुकाच्या मागच्या पानावर लिहून घेतला.